देवळे पाहिली, तळी राहिली

बेंगळुरूहून कंबोडियाला निघणाऱ्या लहान सहलींचा कार्यक्रम साधारणपणे एकाच साच्याचा असतो. बँकॉक किंवा सिंगापूर येथे विमान बदलून प्रवासी सियाम रीप या गावी उतरतात. पुढचे तीन दिवस वातानुकूलित बस, परवानाधारक मार्गदर्शक, शाकाहारी जेवणाची सोय आणि एकामागून एक देवळे. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून बेंगळुरूत मराठी घरे आहेत. त्यांतील निवृत्त मंडळी आणि नोकरदार कुटुंबेही अशा सहलींत दिसतात.

तीन दिवसांत पाहायचे तरी किती? दुसरा सूर्यवर्मा या राजाने बाराव्या शतकात बांधविलेले विष्णूचे अंगकोर वाट, सातव्या जयवर्म्याचे बायोन, झाडांच्या मुळांनी विळखा घातलेले ता प्रोम आणि 967 साली प्रतिष्ठापना झालेले गुलाबी दगडाचे बांते स्रेई, एवढे तरी चुकवून चालत नाही. बांते स्रेईच्या एका शिल्पपट्टावर रावण कैलास हलवीत आहे. ज्याने वेरूळ पाहिले आहे त्याला तेथे कोणी काही सांगावे लागत नाही. ओळखीचा हा आनंद खरा आहे. परंतु त्यात एक धोकाही आहे. ओळखीचे दिसले की माणसाची नजर तेथेच थांबते. ‘हे तर आपलेच’ असे म्हणून तो पुढच्या देवळाकडे वळतो. ज्या ख्मेर लोकांनी हे दगड वाहिले आणि रचले, ते या सपाट प्रदेशात, वर्षातील जवळजवळ सहा महिने पाऊस नसताना, कोणते पाणी पीत होते हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. मार्गदर्शकही तो काढीत नाही. त्याला सर्वांना घेऊन जेवणाच्या ठिकाणी वेळेवर पोहोचायचे असते.

बेंगळुरूच्या प्रवाशाने तरी हा प्रश्न विचारायला हवा. कारण ज्या शहरातून तो निघतो, तेही तळ्यांवरच वाढलेले आहे.

या सहलींत पूर्व मेबोन नावाचे एक देऊळ बहुधा दुपारी येते. राजेंद्रवर्मा या राजाने ते 953 साली बांधून घेतले. भोवती भातशेती आणि विरळ झाडी आहे. मार्गदर्शक कोपऱ्यांवरचे दगडी हत्ती दाखवितो, छायाचित्रे काढली जातात आणि मंडळी बसकडे परततात. ज्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवरून ती वर चढलेली असतात, त्या मुळात नावा लागण्याच्या धक्क्याच्या पायऱ्या आहेत. हे देऊळ बेटावर होते. त्याच्या चारही बाजूंना सुमारे साडेसात किलोमीटर लांब आणि 1.8 किलोमीटर रुंद असा माणसांनी बांध घालून तयार केलेला जलाशय पसरलेला होता. आज तो कोरडा आहे आणि त्याच्या तळाशी भात पिकते. म्हणजे प्रवाशांची बस तलावाच्या पोटातून जाते, पण बसमधील कित्येकांना याचा पत्ताही नसतो.

ख्मेर भाषेत अशा जलाशयाला बारय म्हणतात. त्यांची राजदरबारी नावे मात्र संस्कृत आहेत. इंद्रवर्म्याचे इंद्रतटाक, यशोवर्म्याचे यशोधरतटाक, जयवर्म्याचे जयतटाक. तटाक म्हणजे तडाग, आणि मराठीतील ‘तलाव’ हा शब्द त्याच कुळातला आहे. रावण ओळखणाऱ्या मराठी माणसाला ही नावे ओळखता येणार नाहीत असे नाही. ती त्याच्या कानावर घातली जात नाहीत, इतकेच. राजाने राज्यावर आल्यावर आधी तलाव बांधावा आणि मग देऊळ, असा क्रम तेथील काही राजांनी पाळलेला दिसतो. राज्यारोहणानंतर पाच दिवसांच्या आत खोदकामाला हात घालीन, अशी इंद्रवर्म्याची प्रतिज्ञा शिलालेखात नोंदलेली आहे. सहलीचा कार्यक्रम हा क्रम उलटा करतो आणि नंतर त्यातील पहिली गोष्ट गाळूनच टाकतो.

यशोधरतटाक ज्याने बांधविला तो यशोवर्मा 889 साली गादीवर आला. जवळजवळ त्याच सुमारास, म्हणजे 890 च्या आसपास, आजच्या बेंगळुरूच्या दक्षिण भागातील बेगूर येथे एका लढाईत पडलेल्या वीराचा दगड उभारला गेला. गंग राजवटीतील त्या वीरगळावर ‘बेंगळुरूच्या लढाई’चा उल्लेख आहे, आणि या शहराचे नाव असलेला तो सर्वांत जुना ज्ञात लेख मानला जातो. तो आहे नागेश्वराच्या देवळात आणि जवळच बेगूरचा तलाव आहे. अकराशे वर्षांमागे समुद्रापलीकडच्या या दोन ठिकाणांचा एकमेकांशी काही संबंध होता असे नव्हे. पण पावसाचे पाणी अडवून वर्षभर पुरवायचे, ही गरज दोन्हीकडे सारखी होती.

बेंगळुरूजवळ बारमाही वाहणारी मोठी नदी नाही. शहर उंच पठारावर आहे, तेव्हा उतारावर बांध घालायचा, एका तळ्याचा सांडवा खालच्या तळ्यात सोडायचा आणि अशी साखळी तयार करायची, हाच मार्ग होता. कन्नडमध्ये या तळ्यांना केरे आणि त्यांना जोडणाऱ्या ओढ्यांना राजकालुवे म्हणतात. केंपेगौडाने सोळाव्या शतकात शहर वसविले तेव्हा तळ्यांकडे त्याचे लक्ष होते. त्यांतील धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज केंपेगौडा बसस्थानक आहे. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण आहे; करग उत्सवातील विधीसाठी त्याचा एक लहानसा हौद तेवढा राखलेला आहे. हलसूरचे तळे टिकून आहे. बेल्लंदूरच्या तळ्यात इतके सांडपाणी साचले की 2015 नंतर त्यावरचा फेस रस्त्यावर उडू लागला आणि पाण्याने पेट घेतल्याची छायाचित्रे देशभर पोहोचली. आज शहराला कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून आणि जवळजवळ 500 मीटर उंची चढवून आणावे लागते. तरीही 2024 च्या उन्हाळ्यात अनेक वस्त्यांमध्ये नळ कोरडे पडले आणि टँकरची वाट पाहत लोक रात्री जागले.

ज्याच्या घरी असा उन्हाळा येऊन गेला, त्याने अंगकोरला जाऊन केवळ शिखरे मोजावीत, हे पटण्यासारखे नाही.

तेथील पाण्याची कथा शहराच्या बाहेर, कुलेन टेकड्यांत सुरू होते. क्बाल स्पिअन येथे नदीच्या पात्रातच शिवलिंगे आणि शेषशायी विष्णू कोरलेले आहेत. कर्नाटकात सिरसीजवळ शाल्मला नदीच्या पात्रातील सहस्रलिंगे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही कल्पना नवी नाही. या लिंगांवरून वाहत आलेले पाणी पवित्र होऊन खालच्या शेतांत, कालव्यांत आणि तलावांत जात असे. 1296 साली अंगकोरला आलेल्या जौ दागुआन या चिनी प्रवाशाने घरोघरी, किंवा दोन-तीन घरांत मिळून एक, अशी स्नानाची तळी असल्याचे लिहून ठेवले आहे. 2012 साली हेलिकॉप्टरमधून लेसर किरणांनी केलेल्या पाहणीत जंगलाखाली रस्ते, वस्त्या आणि तळ्यांची चौकटच चौकट उमटली. तेव्हा देवळे ही त्या नगराची दगडात राहिलेली हाडे आहेत. लाकडी घरे कुजून गेली. त्या घरांच्या खुणा पाहायच्या तर पाण्याच्या खुणा पाहाव्या लागतात.

हे महानगर ओस का पडले? अयुथ्थयाच्या स्वाऱ्या, बदललेला व्यापार, बदललेला धर्म ही कारणे सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. परंतु 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्यांत आणखी एक भर घातली. व्हिएतनाममधील जुन्या वृक्षांच्या खोडांतील वलये मोजून संशोधकांनी दाखविले की चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत या प्रदेशावर दीर्घ अवर्षणे आली आणि अधूनमधून अतिवृष्टीही झाली. कोरड्या वर्षांत कालवे गाळाने भरले; पूर आला तेव्हा ते फुटले. हे मोठे तलाव शेतीसाठी होते की राजाच्या पुण्यासाठी, याबद्दल विद्वानांत जुना वाद आहे. बहुधा दोन्हींसाठी असतील. आपल्याकडेही देवळासमोरच्या पुष्करिणीत लोक स्नान करीत आणि तिच्यामुळेच जवळच्या विहिरींना पाणी राही.

पाण्याचा प्रश्न तेथे इतिहासजमा झालेला नाही. अंगकोर वाटचा पाया वाळूच्या भरावावर आहे आणि जमिनीखालील पाण्याची पातळी स्थिर राहिली तरच ती वाळू घट्ट राहते. सुमारे 190 मीटर रुंदीचा खंदक शोभेसाठी तर आहेच, पण देवळाला सावरण्याचे कामही तो करतो. 2019 साली सुमारे 22 लाख परदेशी प्रवाशांनी अंगकोरची तिकिटे काढली. त्यांच्या स्नानाचे, पोहण्याच्या तलावांचे आणि चादरी धुण्याचे पाणी सियाम रीपच्या हॉटेलांनी बव्हंशी जमिनीतून उपसले, आणि देवळांच्या पायाला धोका पोहोचेल अशी चिंता तज्ज्ञांनी व्यक्त केली. ता प्रोमच्या दुरुस्तीसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने दोन दशके परिश्रम घेतले आणि तेथील नर्तकींचे दालन 2022 साली खुले झाले, याचा भारतीय प्रवाशाला अभिमान वाटतो. तो वाटावा. पण त्याच प्रवाशाने खोलीत सोडलेला नळ देवळाच्या पायाखालची वाळू सैल करीत असतो, हेही त्याला कोणी सांगायला हवे. कंबोडियाच्या अप्सरा या शासकीय संस्थेने जुने कालवे व तलाव पुन्हा वापरात आणण्याचे काम हाती घेतले असून, जयतटाकात आता पुन्हा पाणी साठते. त्याच्या मधोमध असलेल्या नेआक पेअन या देवळाकडे लाकडी पुलावरून, पाण्यावरून चालत जावे लागते.

सहल आखणारे म्हणतील, लोक पैसे देतात ते देवळांसाठी, ओसाड शेतांसाठी नव्हे. वयस्कर मंडळींना उन्हात बांध दाखवून काय मिळणार? आक्षेप रास्त आहे, पण त्याला उत्तर आहे. दूर कोठे जायचेच नाही. पूर्व मेबोनच्या पायऱ्यांवर पाच मिनिटे थांबून ‘येथे नाव लागत असे’ एवढे सांगावे. नेआक पेअनला बहुतेक सहली जातातच. तेथे चार कोनाड्यांतून हत्ती, सिंह, घोडा आणि मनुष्य यांच्या मुखांतून पाणी पडत असे, ते दाखवावे. अंगकोर वाटच्या ओवरीतील समुद्रमंथनाच्या भव्य शिल्पपट्टात देव आणि असुर सर्वजण पाहतात. मंथनाच्या वेगात चिरडले जाणारे मासे आणि मगरी खालच्या बाजूला कोरलेल्या आहेत, त्यांकडेही बोट करावे. आणि तिसऱ्या दिवशीची संध्याकाळ खरेदीतून काढून पश्चिम बारयला द्यावी. आठ किलोमीटर लांबीचा हा अकराव्या शतकातील जलाशय अजून पाणी धरून आहे. सुट्टीच्या दिवशी गावातील कुटुंबे तेथे चटया अंथरून जेवतात, मुले पोहतात, काठावर भाजलेले मासे विकले जातात. गावातून जाऊन यायला आणि थोडे बसायला दोन तास पुरतात.