चौदाव्या होलवर काय झाले?

आम्हा नाशिककरांना ‘गोल्फ’ हा शब्द ठाऊक आहे तो मैदानामुळे. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचे अधिकृत नाव, पण रिक्षावाल्याला आपण ‘गोल्फ क्लब’ एवढेच सांगतो. तिथे क्रिकेट होते, पहाटे कानाला मफलर गुंडाळून माणसे फेऱ्या मारतात. गोल्फ मात्र कोणी खेळत नाही. तरीही या परिसरात खरेखुरे गोल्फ खेळणारे थोडे लोक आहेत आणि त्यांपैकी तिघेचौघे माझे रुग्ण आहेत.

या मंडळींची एक खोड आहे. मैदानावर राउंड खेळून आले की ते तो पुन्हा एकदा तोंडाने खेळतात. दवाखान्यातल्या बाकावर दोघे शेजारी बसले की झालेच. येरवड्याच्या मैदानावर गेल्या रविवारी किती फटक्यांत संपवले, चेंबूरला वारा कसा आडवा होता, तिसऱ्या होलला चेंडू झाडीत कसा हरवला, सारे साग्रसंगीत. एक गृहस्थ मुलीकडे इंग्लंडला गेले असताना स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज नुसते पाहून आले. त्याचे वर्णन मी तीन वेळा ऐकले आहे. १७६४ साली तिथे १८ होलचा राउंड ठरला आणि पुढे जगाने तोच उचलला, हे मला त्यांच्याचकडून कळले.

माझी याला हरकत नाही. उलट डॉक्टर म्हणून मी या खेळाच्या बाजूचा आहे. अठरा होल पायी खेळले तर चारेक तास जातात आणि सात-आठ किलोमीटर चाल होते. उन्हातान्हात, चढउतारावर, गप्पा मारत. साठीच्या माणसाला याहून बरा व्यायाम मी काय लिहून देणार? स्वीडनमध्ये सुमारे तीन लाख गोल्फ खेळणाऱ्यांचा अभ्यास झाला आणि तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याच वयाच्या आणि तशाच सामाजिक-आर्थिक स्तरातल्या इतर लोकांपेक्षा त्यांचा मृत्युदर सुमारे ४० टक्के कमी आढळला. अर्थात, खेळामुळे प्रकृती चांगली राहिली की मुळात प्रकृती चांगली म्हणून खेळू शकले, हे अशा अभ्यासातून पुरते सुटे करता येत नाही. पण चालणे हितकारक आहे, याबद्दल कोणाही डॉक्टरला शंका नसावी.

माझी तक्रार वेगळी आहे. राउंडच्या या वर्णनात चेंडूचे सगळे येते, माणसाचे काहीच येत नाही. यातून काय घडू शकते, ते सांगतो. संबंधितांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने सांगतो.

माझे एक रुग्ण, वय एकसष्ट, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. बारा वर्षांचा मधुमेह. आठवड्यातून दोनदा गोल्फ. एकदा मला म्हणाले, “डॉक्टर, हल्ली खेळताना छातीत जळजळते. ॲसिडिटीचे काहीतरी द्या.” मी विचारले, “खाल्ले काय होते?” ते म्हणाले, “क्लबमधले सँडविच.” मी आम्लपित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. वाचकहो, ही माझी चूक. ‘काय खाल्ले’ याच्या जोडीने ‘ही जळजळ नेमकी कधी होते आणि कशाने थांबते’ हे विचारायला हवे होते. दवाखाना भरलेला होता, ही सबब झाली, उत्तर नव्हे.

दोन महिन्यांनी ते रक्तदाब तपासायला आले. स्वारी खुशीत. आदल्या दिवशीचा राउंड मला होल-होल करून सांगितला. तेराव्याला अप्रतिम फटका, पंधराव्याला चेंडू वाळूत. मी हसत ऐकले. चौदावा होल कुठे गेला, हे माझ्या लक्षातही आले नाही.

तो होल मला सापडला तिसऱ्या दिवशी. त्याच मैदानावर पिशवी उचलणारा एक कॅडी खांदा दुखतो म्हणून आला. खांदा तपासता तपासता म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आमच्या साहेबांना जरा बघा ना. चौदाव्याला छाती धरून खाली बसले. घामाने शर्ट भिजला होता. दहा मिनिटांनी उठले आणि मला म्हणाले, कोणाला बोलायचं नाही.”

मी त्याच क्षणी फोन लावला. पत्नीने घेतला. मी म्हटले, “वहिनी, त्यांना आत्ताच्या आत्ता घेऊन या. स्कूटर चालवू देऊ नका.” कार्डिओग्रामवर किरकोळ बदल होते. हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. अँजिओग्राफीत मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली निघाली. वेळेत उपचार झाले म्हणून आज ते पुन्हा बाकावर बसून राउंड सांगत असतात. त्यांचा जीव माझ्या विद्येने वाचला नाही, एका कॅडीच्या चोख नजरेने वाचला, हे मी त्यांना सांगितले आहे आणि इथेही नोंदवून ठेवतो.

या चुकीला थोरामोठ्यांची परंपरा आहे. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर २३ सप्टेंबर १९५५ रोजी डेन्व्हरला गोल्फ खेळत होते. सकाळी अठरा होल, दुपारी आणखी नऊ. पोटात अस्वस्थ वाटू लागले तेव्हा जेवणातल्या कांद्यावर खापर फुटले. रात्री छातीत कळ आली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांना पोटाची तक्रार म्हणूनच सांगण्यात आले. तो हृदयविकाराचा झटका होता हे कार्डिओग्रामनंतर निश्चित झाले. देशाच्या अध्यक्षाचे जिथे असे होते, तिथे तुमचे-आमचे काय? समाधान एवढेच की ते बरे झाले, पुन्हा गोल्फ खेळले आणि त्यानंतर तेरा वर्षांहून अधिक जगले.

मग ओळखायचे कसे? नियम साधा आहे. आम्लपित्ताचा संबंध बहुधा खाण्याशी आणि आडवे होण्याशी असतो. हृदयाच्या दुखण्याचा संबंध श्रमाशी असतो. चढ चढताना छातीत जड वाटते, दाबल्यासारखे होते किंवा जळजळते आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत ओसरते, तर ते पोट नव्हे असेच आधी धरून चालावे. दुखणे जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात किंवा पाठीतही जाणवते. मधुमेही माणसाला कधी कधी दुखतच नाही. नुसती धाप लागते, दरदरून घाम येतो, गळून जायला होते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. स्वस्थ बसलेले असताना काढलेला कार्डिओग्राम स्वच्छ आला म्हणजे सुटलो, असे नाही. श्रम करताना त्रास होत असेल तर तो तसाच डॉक्टरांना सांगा आणि पुढची तपासणी करा. विश्रांतीनेही दुखणे थांबले नाही, तर सोडा-लिंबू पीत बसू नका, स्वतः गाडी हाकू नका. १०८ ला फोन करा. पहिला तास सोन्याचा असतो.

माझे मत असे आहे की, हा आजार जितका रक्तवाहिन्यांचा, तितकाच मानीपणाचा आहे. मित्रांत सांगायला शोभते ते सांगायचे आणि दम लागला ते गिळून टाकायचे, ही आपल्या पुरुषमंडळींची रीत आहे. गोल्फमध्ये स्वतःचे फटके स्वतःच प्रामाणिकपणे मोजायचे असतात, असे हे लोक अभिमानाने सांगतात. मग शरीराचा हिशेबही त्याच कागदावर का लिहू नये? पायी खेळलो की बग्गीत बसून? पाणी किती प्यायलो? गेल्या वर्षी न थांबता चढलेला चढ यंदा कितीदा थांबून चढलो? हा आकडा ज्याने मला सांगितला, त्याचे मी निम्मे काम केले असे समजतो.

आणि हे गोल्फपुरते नाही. कान्हेरे मैदानावर फेऱ्या मारणारी मंडळीही कट्ट्यावर बसून ‘आज पाच झाल्या, आज सहा झाल्या’ असे सांगतच असतात. चौथ्या फेरीला छातीवर हात ठेवून कोण थांबले होते, ते मात्र कोणी सांगत नाही. शेजारच्याने पाहिलेले असते, पण ‘कशाला उगाच’ म्हणून तोही गप्प बसतो.

उद्या पहाटे फिरायला गेलात तर आपल्या सोबत्याकडे एकदा नीट बघा. तो थांबला तर तुम्हीही थांबा आणि त्याने ‘कोणाला बोलू नका’ म्हटले, तर आधी त्याच्या घरी जाऊन सांगा. राग आला तर येऊ द्या. रागावायला माणूस शिल्लक असणे महत्त्वाचे.