गुणांसाठी दिलेला होकार

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एक मुलगी प्रयोगकर्ती होते, दुसरी प्रयुक्त. स्मरणशक्तीची चाचणी असेल तर फारसे बिघडत नाही. पण समायोजनाच्या किंवा चिंतेच्या प्रश्नावलीत घरातली भांडणे, भीती, झोप असे सारे विचारले जाते. उत्तरे मैत्रिणीच्या वहीत उतरतात, वही सरांच्या टेबलावर जाते. यवतमाळसारख्या गावात, जिथे वर्गाला एकमेकींची घरे ठाऊक असतात, तिथे नुसते नाव न लिहिल्याने ओळख लपते काय?

अमेरिकेत संशोधनात प्रयुक्त होण्याबद्दल विद्यार्थ्यांना श्रेयांक मिळतात. पण तोलामोलाचे दुसरे काम निवडण्याची मुभा हवी, असे तिथल्या मानसशास्त्र संघटनेची आचारसंहिता सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही विद्यार्थ्यांना खास संरक्षण हवे असलेल्यांत धरले आहे. कारण ते वरिष्ठांवर अवलंबून असतात. जो गुण देणार त्यालाच होकार द्यायचा, तर तो होकार कसला? त्यातून मुलींना 'नाही' म्हणायला घरी कोण शिकवते?

संशोधनात मुली नकोत, असे आम्ही म्हणत नाही. कोलबर्गने नैतिक विकासाचे टप्पे ८४ मुलग्यांच्या अभ्यासावर बेतले. कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये ती उणीव दाखवली. मुलींचे बोलणे हवेच, पण ते वसूल केलेले नको.

संमतीपत्र मराठीत, पर्यायी काम, मध्येच थांबण्याचा हक्क आणि उत्तरांची गुप्तता, एवढे प्रत्येक महाविद्यालयाकडे मागू या. आणि मैत्रिणींनो, सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन आपण वस्तीत जातो, तेव्हा हीच कसोटी स्वतःलाही लावू या.