आखाडा सुटला, वस्ताद झाला



नालासोपारा, विरार, वसई पूर्व या आपल्या पट्ट्यात गल्लीबोळांतून आता 'मिक्स मार्शल आर्ट'च्या क्लासच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. पाटीवर हाताला पट्ट्या गुंडाळलेला एक जवान आणि मागे लोखंडी जाळीचा पिंजरा. आपल्या वस्तीतली पोरे संध्याकाळी पाठीला बॅग लावून तिकडे निघतात. आई-बापाला मात्र हा खेळ कोणता, यात पुढे काय आणि मुलाला कोणाच्या हाती देतो आहोत, याची काहीच कल्पना नसते. आजचा लेख त्याविषयी आहे.

कारणही तसेच घडले. एका रविवारी विहारातील वंदना आटोपल्यावर एक ताई आमच्यापाशी येऊन बसल्या. वालीवच्या एका गाळ्यात त्या पॅकिंगचे काम करतात. म्हणाल्या, "दादा, पोरगा बारावीला आहे. परीक्षा देत नाही म्हणतो. फायटर व्हायचंय म्हणतो. तुम्ही जरा समजवा." आम्ही लगेच मुलाला बोलावले आणि चांगले अर्धा तास सुनावले. मारामारीने कुणाचे भले झाले नाही, बाबासाहेबांनी हाती पुस्तक दिले, पंचशील घेतलेल्या घरात हे शोभते का, वगैरे. पोरगा मान खाली घालून ऐकत राहिला. पुढच्या रविवारी तो विहारात आला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी आला नाही.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की आम्ही चुकलो. ज्या गोष्टीची आम्हाला माहिती नाही, तिच्यावर आम्ही निकाल देऊन बसलो होतो. मग त्या ताईंना सोबत घेऊन आम्ही तो क्लास पाहायला गेलो आणि या खेळाची माहितीही गोळा केली. ती वाचकांपुढे ठेवतो.

मिक्स मार्शल आर्ट म्हणजे निरनिराळ्या लढण्याच्या विद्या एकत्र केलेला खेळ. बॉक्सिंगचा ठोसा, किक बॉक्सिंगची लाथ, कुस्तीची पकड, ज्युदो आणि जुजुत्सूची फेक व सांधे आवळण्याचे डाव, सगळे एकाच लढतीत चालते. 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात याची पहिली मोठी स्पर्धा झाली. त्या वेळी वजनगट नव्हते आणि नियमही जेमतेम होते. पुढे 2000-2001 च्या सुमारास तिकडे रीतसर नियम बनले. आता लढत साधारण पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. अजिंक्यपदाची लढत पाच फेऱ्यांची. डोळ्यात बोट घालणे, चावणे, खाली पडलेल्याच्या डोक्यात लाथ घालणे यांना बंदी आहे. पकडीत सापडलेल्याने हाताने दोन-तीनदा थापटले की लढत तिथेच थांबते. याला 'टॅप' म्हणतात. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

आपल्या देशात 2012 साली मुंबईत 'सुपर फाइट लीग' सुरू झाली आणि हा खेळ घराघरांत पोचला. 2017 मध्ये मुंबईचा भरत खंडारे 'यूएफसी' या जगातील सर्वांत मोठ्या स्पर्धेसाठी शांघायला लढला. भारतात राहून तिथवर पोचलेला तो पहिला खेळाडू. लढत मात्र पहिल्याच फेरीत गेली. वर्षानुवर्षांची मेहनत आणि पिंजऱ्यात पाच मिनिटेसुद्धा नाहीत! याचा अर्थ तो कमी पडला असा कुणी घेऊ नये. तिथवर जाणे हेच केवढे मोठे काम. पण या धंद्याचा हिशेब कसा असतो, ते यावरून कळते. जून 2024 मध्ये पूजा तोमर त्याच स्पर्धेत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. म्हणजे वाट आहे. पण ती फार अरुंद आहे आणि तिच्यावर चालण्याचे वय फार थोडे आहे. गुडघा, खांदा, डोके, यांपैकी काहीतरी तिशी-पस्तिशीत राजीनामा देतेच. रशियाचा खबीब नुरमागोमेदोव्ह 29 लढती जिंकून, एकही न हरता, 2020 साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याला शिकवणारे त्याचे वडील त्याच वर्षी वारले होते. मग तो स्वतः आपल्या साथीदारांना शिकवू लागला आणि 2022 मध्ये त्याचा साथीदार इस्लाम माखाचेव्ह अजिंक्य झाला.

तेव्हा खरा प्रश्न हा, की लढणे सुटल्यावर लढवय्याचे काय होते? याचे उत्तर परदेशात शोधायची गरज नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या मातीत ते आहे.

हरिश्चंद्र बिराजदार हे आजच्या लातूर जिल्ह्यातले मल्ल. 1969 साली ते महाराष्ट्र केसरी झाले. 1970 साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. 1972 साली रुस्तुम-ए-हिंद झाले. दिल्लीच्या सतपालबरोबरची त्यांची कुस्ती जुनी माणसे अजून सांगतात. एवढे नाव झालेला माणूस निवृत्तीनंतर गदा कपाटात ठेवून सत्कार घेत बसला असता, तर कुणी दोष दिला नसता. पण बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत उभे राहिले आणि पोरे घडवू लागले. सगळे त्यांना 'मामा' म्हणत.

मामांच्या हाताखाली काका पवार तयार झाले. ग्रीको-रोमन कुस्तीत त्यांनी देशाचे नाव केले आणि 1998 चा अर्जुन पुरस्कार मिळवला. पुढे काकाही थांबले आणि त्यांनीही वस्तादांचीच वाट धरली. पुण्यात कात्रजच्या भागात त्यांनी कुस्ती संकुल उभे केले.

बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे हासुद्धा आधी मामांचा पठ्ठा. 2011 साली मामा गेले. तेव्हा राहुल विशीचा होता. त्याला पुढे काकांनी सांभाळले. 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात राहुलने सुवर्णपदक जिंकले आणि ते मामांना अर्पण केले. वस्तादाला जाऊन सात वर्षे झाली होती, तरी त्याची मेहनत पिकत होती. 2019 च्या जागतिक स्पर्धेत राहुलने कांस्यपदकही आणले.

आणखी एक प्रसंग सांगतो. 7 जानेवारी 2020. पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती. एका बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांच्याच तालमीतले! कुस्ती अटीतटीची झाली आणि हर्षवर्धन 3-2 ने जिंकला. जिंकल्यावर त्याने काय केले? हरलेल्या शैलेशला आपल्या खांद्यावर उचलून घेतले आणि मैदानात मिरवले. हा डाव कुठल्या पुस्तकात नाही. तो तालमीत, रोजच्या वागणुकीतून येतो. वस्ताद कसा आहे हे पाहायचे असेल, तर त्याचा पठ्ठा जिंकल्यावर कसा वागतो ते पाहावे.

आता पुन्हा आपल्या नालासोपाऱ्याकडे वळू. आम्ही ज्या क्लासला गेलो, तिथला शिकवणारा स्वतः काही वर्षे पिंजऱ्यात लढलेला, गुडघा गेल्याने थांबलेला तरुण. किंचित लंगडत चालतो. आम्ही कोपऱ्यात बसून तासभर पाहिले. दोन पोरे मॅटवर झुंजत होती. एकाचा हात दुसऱ्याच्या पकडीत अडकला. दुखत होते, तरी तो जिद्दीने हात आपटेना. शिकवणाऱ्याने झटकन लढत सोडवली आणि पोराला म्हणाला, "हात मोडला तर सहा महिने घरी बसशील. टॅप केलंस तर दोन मिनिटांनी पुन्हा लढशील. कशात शहाणपण आहे?" आमच्या शेजारी बसलेल्या ताईंचा जीव भांड्यात पडला.

आम्हाला मात्र आपल्या सोपाऱ्याचा जुना पुत्र आठवला. येथील स्तूप 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी उकरला, हे आपल्याला ठाऊक आहे. याच सुप्पारकचा व्यापारी पुण्ण पुढे भिक्खू झाला. त्याने सुनापरांत या आपल्या प्रदेशात धम्म सांगायला जायची परवानगी मागितली. तथागत म्हणाले, तिकडचे लोक तापट आहेत, शिव्या देतील. पुण्ण म्हणाला, ठोसे मारत नाहीत म्हणजे भले लोक आहेत असे समजेन. ठोसे मारले तर? दगड मारत नाहीत म्हणून भले समजेन. दगड, काठी, शस्त्र, असे एकेक पायरीने विचारत गेले आणि पुण्ण शांतपणे उत्तर देत गेला. एवढा संयम पाहून तथागतांनी त्याला जाण्याची अनुमती दिली. मार खाण्याची तयारी आणि मारण्याचा मोह नसणे, ही त्याची ताकद. जो वस्ताद पोराला आधी राग आवरायला शिकवतो, तो नकळत पुण्णाच्याच वाटेचा शिक्षक आहे. जो रस्त्यावर हात उचलायला शिकवतो, तो नव्हे.

काही बांधव विचारतील, मग पहिल्या शीलाचे काय? 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ दुबळेपणा असा लावलेला नाही. जीव घेण्याची इच्छा आणि जीव घेण्याची गरज यांत त्यांनी फरक केला आहे. 1927 साली समता सैनिक दल उभे राहिले, तेही आपल्या माणसांच्या रक्षणासाठीच. शरीर कमावणे पाप नाही. मनात द्वेष ठेवून ते वापरणे पाप आहे.

तरी काळजी घ्यावीच लागेल. शिकवणाऱ्याला आई-बापाने पुढील गोष्टी बेधडक विचाराव्यात. डोक्याला जोराचा मार लागला तर पोराला किती दिवस मॅटवर घेत नाही? डॉक्टरचा कागद मागतो का? स्पर्धेसाठी वजन कसे उतरवतो? पाणी तोडून, घाम काढून वजन उतरवण्याची रीत जिवावर बेतते. डिसेंबर 2015 मध्ये यांग जियान बिंग हा अवघ्या एकवीस वर्षांचा चिनी खेळाडू मनिलात लढतीआधी वजन उतरवताना दगावला. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट 100 ग्रॅमसाठी बाद झाली, तेव्हा तिने रात्रभर काय सोसले ते साऱ्या देशाने वाचले. वाढत्या वयाच्या मुलाला कुणी उपाशी ठेवून वजनगटात बसवत असेल, तर त्या क्लासची पायरी पुन्हा चढू नये.

दुसरे, नोकरीचे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण प्रत्येक खेळाचे, प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र त्यात चालत नाही. पैसे भरून मिळालेले रंगीत सर्टिफिकेट भिंतीला शोभते, अर्जाला नाही. म्हणून पालघरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी चौकशी करावी. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग हे ऑलिम्पिकचे खेळ आहेत. पाया त्यात घातला तर दोन्ही दारे उघडी राहतात.

तिसरे आणि सर्वांत मोठे, शिक्षणाचे. बाबासाहेबांच्या मंत्रात 'शिका' हा शब्द पहिला आहे. ज्याचे लढण्याचे वय पस्तिशीला संपते, त्याला पुढची तीस वर्षे जगायचे असते. शिकलेला लढवय्या उद्या शिक्षक होतो. न शिकलेल्याच्या वाट्याला बहुतेक वेळा कुणाच्या तरी दारावर उभे राहणे येते. क्लासच्या त्या शिकवणाऱ्याला आम्ही बारावीचे सांगितले. त्याने मुलाला बोलावले आणि सर्वांदेखत म्हणाला, "परीक्षा संपेपर्यंत इथे दिसायचं नाही. हॉलतिकीट आणि पेपर, दोन्ही मला दाखवायचे." आमच्या अर्ध्या तासाच्या भाषणाने जे झाले नाही, ते त्या दोन वाक्यांनी झाले. पोराने मान हलवली. आता तो पेपर देईल की नाही, हे मार्चमध्ये कळेल. पण त्या रविवारी तो विहारात आला होता, एवढे आम्ही सांगू शकतो.

शेवटी एक सूचना. आमचे वडील सांगत, गावच्या तालमीच्या दाराबाहेर उभे राहून कुस्ती बघायची, आत पाऊल टाकायचे नाही. तांबड्या मातीलाही तेव्हा विटाळ होत होता. आजच्या क्लासमध्ये कुणी जात विचारत नाही. फी मात्र विचारतात. जे दार काल जातीने बंद होते, ते आज फीने बंद होऊ नये. आपल्या समाजात कबड्डी, कुस्ती, कराटे, बॉक्सिंग खेळून थांबलेली कितीतरी माणसे आहेत. कुणी रेल्वेत आहे, कुणी पालिकेत, कुणी पोलिसांत. विहाराच्या हॉलमध्ये चार मॅट टाकून आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांनी मुलामुलींना शिकवायला काय हरकत आहे? मुलींना तर अगत्याने. बिराजदार मामांनी एक काका घडवला आणि काकांनी पुढे किती घडवले. आपल्यातल्या एकाने सुरुवात करावी. मॅटच्या वर्गणीची पहिली पावती आमच्या नावाने फाडावी.

भवतु सब्ब मंगलम्!