मंडईत आपले फक्त दुकानच का?

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी नववीच्या मुलींना घेऊन वीस मिनिटांचे एक नाटक बसवले. उर्दू माध्यमाच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी हे दोन विषय शिकवते. नाटक मराठीत होते. खरे सांगायचे तर आमच्या झाडीच्या मराठीत होते. विषय साधा. एक म्हातारा धान विकायला जातो, व्यापारी त्याला हिशेबात फसवतो आणि शाळेत जाणारी त्याची नात तो हिशेब पुन्हा करायला लावते. नाच नाही, गाणे नाही. मंडईच्या दिवशी दुपारी, दंडार सुरू होण्याआधी ते सादर करायचे, एवढीच आमची हौस होती.

ते झाले नाही. आधी मोहल्ल्यातले एक बुजुर्ग शाळेत आले. "मॅडम, बच्चियां स्टेज पे जाएंगी?" मी म्हटले, शाळेच्या गॅदरिंगमध्ये जातातच की. ते म्हणाले, "वो अपने घर की बात है. ये मंडई है." मग मी मंडईच्या मंडळाकडे गेले, म्हटले निदान मुलांना घेऊन करू द्या. तिथे एक भाऊ अगदी आपुलकीने म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडून आमाले कव्वाली पायजे होती. नाटकं त आमच्याकडं लय हायेत."

दोघांचीही नावे लिहीत नाही. दोघांच्या घरचा चहा मी प्याले आहे आणि पुढेही पिणार आहे. पण त्या दोन वाक्यांमध्ये आमची दहा मुले उभी होती आणि त्यांना कुठल्याच बाजूला जागा नव्हती. या लेखाचे कारण तेच.

पुण्या-सोलापूरच्या वाचकांना मंडई म्हटले की भाजीबाजार आठवेल. आमच्याकडे मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात, ज्याला झाडीपट्टी म्हणतात तिथे, भाऊबीज झाली की गावोगावी मंडया भरू लागतात. आज या गावात, उद्या त्या गावात. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, दुपारी दंडार आणि खडी गंमत होते आणि रात्री नाटक. नाटक म्हणजे शहरातल्यासारखे दोन तासांचे नव्हे. जेवणे उरकल्यावर पडदा वर जातो आणि कोंबडा आरवायच्या सुमाराला लोक घोंगड्या-शाली झाडून घरी निघतात. या नाटकांचा हंगाम होळीपर्यंत चालतो. नाटक कंपन्यांची कार्यालये वडशाला आहेत. हंगामात तिथल्या रस्त्याने चाला, दुतर्फा नाटकांच्या पाट्या दिसतील. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे मुंबईच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टीचा पत्ता सापडला.

मी दिघोरीची, लाखांदूर तालुक्यातल्या. लहानपणी दादीचा हात धरून मंडईत गेलेली. दादी पाच वेळची नमाजी. तिला शाळेचे तोंड माहीत नव्हते, पण मंडईच्या दिवशी तिच्या माहेरच्या गावच्या दोन पाटलीणबाई आमच्या ओट्यावर बसून पान खात आणि रात्री तिघी एका पांघरुणात नाटक बघत. नाटकातली सासू सुनेला छळू लागली की दादी आमच्या घरातल्या भाषेत शिव्या द्यायची आणि पाटलीणबाई झाडीत. कोणी कोणाला तर्जुमा करून सांगत नसे. दुसऱ्या दिवशी फज्र चुकली म्हणून ती स्वतःवरच चिडायची आणि कजा पढायची. पुढच्या वर्षी परत जायची.

अब्बांचे मंडईत बांगड्या-मणिहारीचे दुकान लागायचे. मामूंचे बिछायत केंद्र. तंबू, खुर्च्या, लाऊडस्पीकर, बत्त्या सगळे त्यांचे. चहाचा ठेला आपला, फळांची गाडी आपली, गादीवाला आपला. ज्या मंडईला जाल तिथे हेच दिसेल. आता रंगमंचाकडे बघा. तिथे आपल्यातले किती? मी मोजायचा प्रयत्न केला आणि एका हाताची बोटे पुरली. तंबू आपला, त्याच्या खालचे नाटक दुसऱ्यांचे. आवाज लोकांपर्यंत पोचवणारा भोंगा आपला, आवाज आपला नाही.

असे का झाले, हे विचारले की दोन उत्तरे मिळतात. पहिले धर्माचे. मी आलिमा नाही, फतवा देणे माझे काम नाही. नाटकातल्या बीभत्स नाचाला, दोन अर्थांच्या विनोदांना कोणी नावे ठेवत असेल तर मी त्यांच्या बरोबर आहे. झाडीपट्टीतली पुष्कळ नाटके आता त्या वाटेने चालली आहेत, हे तिथले जाणते कलावंतही बोलून दाखवतात. पण आक्षेप घेणाऱ्या घरांत रात्री नऊ ते अकरा टीव्हीवर काय चालू असते, हे मुली मला निबंधात लिहून देतात. मोबाइलबद्दल तर बोलायलाच नको. मालिका चालते, नववीतल्या मुलीने धानाचा हिशेब सांगितलेला चालत नाही! मंडईत गोवारी बांधवांची ढाल निघते, तिची पूजा होते. ती त्यांची श्रद्धा. आमच्या तीन पिढ्या तिथे दुकान लावत आल्या, आम्हाला कोणी हात जोडायला लावले नाहीत. दुकान लावताना जे हलाल असते ते चार वाक्ये बोलताना हराम कसे होते, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

दुसरे उत्तर असे की, आपले स्वतःचे कार्यक्रम आहेत की. आहेत. शनिवारी रात्री आणि रविवारी दिवसभर आहेत. ते कसे असतात ते या वार्षिकाच्या वाचकांना मी काय सांगणार! किराअत, नात, मग पाहुण्यांचे इस्तेकबाल, मग शाल, पुष्पगुच्छ, ट्रॉफी. मग आणखी शाली. दहावी-बारावीच्या मुलांना मंचावर बोलावतात ते बक्षीस घेऊन फोटोपुरते उभे राहायला. त्यानंतर अडीच-तीन तास तालीम या विषयावर भाषणे. त्यांतली उर्दू अशी की माझ्यासारख्या उर्दू शिकवणारीला मध्येच शब्दकोश आठवावा. बायका मागे किंवा पडद्याआड. मुले पहिल्या अर्ध्या तासात बाहेर सटकतात आणि बिर्याणीच्या वेळी परत येतात. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारी शिबिरे होतात, रक्तदान होते, त्यांचे मोल मी जाणते. माझ्या स्वतःच्या बी.एड.चा पहिला अर्ज अशाच एका रविवारी भरला गेला होता. पण पंधरा वर्षांत एका रविवारी एका मुलाला तोंड उघडून स्वतःचे काही सांगताना मी पाहिलेले नाही. २००६ चा सच्चर अहवाल आपल्याला तोंडपाठ झाला आहे. टक्केवारी मंचावरून सांगितली जाते. ज्यांच्याबद्दल ती टक्केवारी आहे ती पोरे बाहेर पानठेल्यावर असतात.

इथे मी आपल्यालाही सोडणार नाही, म्हणजे जे इथे लिहितात आणि वाचतात त्या आपल्या सर्वांना. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा माझ्यासारख्यांचे शिक्षणही सुरू झाले नव्हते. आपण मराठी आहोत हे ठणकावून सांगणे तेव्हा गरजेचे होते आणि आजही आहे. त्यासाठी शेख महंमदांपासून सगनभाऊंपर्यंत आणि बार्शीच्या अमर शेखांपर्यंत नावे आपण घेतो. पण सगनभाऊ फडावर उभे राहिले, अमर शेख डफ घेऊन गिरण्यांच्या दारात आणि मैदानात गायले. परिसंवादात बसून ते मराठी झाले नाहीत. आपण त्यांच्यावर निबंध वाचतो आणि आपल्या पोरांना मंडईपासून लांब ठेवतो.

उर्दूचे नाव पुढे करून मराठीच्या मंचाला नको म्हणणाऱ्यांना मी एकच नाव सांगते. हबीब तनवीर. आमच्या साकोलीवरून जाणारा महामार्ग पुढे रायपूरला जातो. त्या रायपूरला १९२३ मध्ये ते जन्मले, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले. उर्दूचे शायर, 'तनवीर' हा तखल्लुस. १९५४ मध्ये त्यांनी दिल्लीत 'आगरा बाजार' केले, नजीर अकबराबादींच्या नज्मांवर. त्यात जामियाचे लोक होते आणि ओखल्याचे गावकरीही. गंमत अशी की त्या नाटकात नजीर स्वतः मंचावर येतच नाहीत. त्यांच्या ओळी काकडीवाला, पतंगवाला, फकीर असे बाजारातले लोक गातात. पुढे तनवीरांनी छत्तीसगडच्या नाच्यातले अडाणी म्हटले जाणारे कलावंत आपल्या 'नया थिएटर'मध्ये घेतले. सुरुवातीला ते त्यांच्याकडून हिंदी बोलून घेत आणि गावात रात्र-रात्र गाजवणारे ते गडी मंचावर अवघडून जात. चूक उमगल्यावर त्यांनी त्या लोकांना त्यांच्या छत्तीसगढीत बोलू दिले. १९७५ चे 'चरणदास चोर' त्यातून झाले आणि १९८२ मध्ये त्याने एडिंबरोच्या महोत्सवात पुरस्कार मिळवला. उर्दूच्या या शायराने नाच्याच्या मंचावर पाय ठेवला म्हणून त्याची उर्दू कमी झाली काय?

नजीर मी वर्गात शिकवते. होळीवर, दिवाळीवर, मेळ्यांवर लिहिणारा हा शायर, हे मुले पाठ करतात आणि परीक्षेत लिहून गुण मिळवतात. मग दाराबाहेर मेळा भरतो, तेव्हा त्यांना आत बसवायचे.

भाषेचे एक दुखणे माझ्या खास परिचयाचे आहे. माझ्या मुलांना 'ण' आणि 'ळ' म्हणता येत नाही. उर्दूत हे दोन्ही ध्वनी नाहीत. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत आमचा मुलगा 'पानी' म्हणाला की मागच्या रांगेत खसखस पिकते, "मराठी येत नाही यांना." आता साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी उभे आयुष्य घालून झाडीबोलीचा अभ्यास केला आहे. तो काय सांगतो? झाडीबोलीत 'ण' नाही आणि 'ळ'ही नाही. 'पाणी' नव्हे पानी, 'डोळा' नव्हे डोरा, 'काळा' नव्हे कारा. म्हणजे ज्याला हसले त्या मुलाची जीभ हसणाऱ्याच्या आज्याच्या जिभेसारखीच होती! वक्तृत्वाच्या प्रमाण मराठीत आमची मुले कायम पाहुणी राहतील. झाडीच्या नाटकात ती पहिल्या वाक्यापासून घरची आहेत. मी ते नाटक झाडीत लिहिले ते याच हिशेबाने, आणि तालमीत जी मुलगी वर्गात 'हजर' म्हणायलाही लाजते ती म्हाताऱ्याची भूमिका करताना अशी काही खेकसली की शेजारच्या वर्गातले सर धावत आले.

आता मंडळवाल्या भाऊंकडे. कव्वाली मागताना त्यांचा हेतू वाईट नव्हता, म्हणून तर ते जास्त बोचले. मुसलमान म्हणजे कव्वाली, शिरखुर्मा आणि ऐक्याचा एक कार्यक्रम. धानाचा भाव, कर्ज, सासुरवास, मुलीचे लग्न हे विषय 'आमच्या' नाटकाचे. अहो, माझ्या चाच्यांचीही दोन एकर धानाची शेती आहे आणि अवकाळी पाऊस बांधावर जात विचारत नाही. ऐतिहासिक नाटक असले की मुसलमान म्हणून अफझलखान येतो. शिवाजी महाराजांच्या आरमारातला दौलतखान येत नाही, त्यांच्या दफ्तरातले काझी हैदर येत नाहीत. सामाजिक नाटकात आपला माणूस आलाच तर एक तर गुंड, नाही तर पहिल्या अंकातच मित्रासाठी जीव देणारा रहीमचाचा. त्याला घर नाही, बायकोशी भांडण नाही, उधारी नाही. याबद्दल मंडळवाल्यांना मी बोलेनच. पण खरे सांगू? लिहिणारे आपल्यातले नसतील तर दुसऱ्याने आपल्या घरातली उधारी कुठून आणायची? त्याने जे पाहिले ते लिहिले. त्याने आपल्याला दुकानातच पाहिले आहे.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शंकरपट बंद पडले. पटाला गर्दी जमे आणि रात्री ती गर्दी नाटकाला बसे. तेव्हा नाटकेही बुडतील असे पुष्कळ लोक म्हणाले. पट बंद होते त्या वर्षांतही नाटके चालूच राहिली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने परवानगी दिल्यावर पटही परत आले. जे लोकांना हवे असते ते लोक टिकवतात, त्यासाठी खिशातून पैसे काढतात, थंडीत जमिनीवर बसतात. आपल्या रविवारच्या कार्यक्रमाला तिकीट लावून बघा, किती लोक येतात.

यंदा मी बुजुर्गांकडे स्वतः गेले. मुलींच्या आयांना बरोबर घेतले. एकीने तर सासूलाच आणले. त्या आजी दिघोरीच्या मंडईत माझ्या दादीशेजारी बसलेल्या निघाल्या. बुजुर्ग अर्धा तास गप्प होते, मग म्हणाले, तालीम बघायला येतो. आले. शेवटच्या प्रवेशात व्यापाऱ्याच्या वजनकाट्यात एक चूक आहे, ती त्यांनी काढून दिली. चाळीस वर्षे धानाच्या व्यापारात काढलेला माणूस, चूक बरोबर पकडली. मंडळाने दुपारी तीनची वेळ दिली आहे. कव्वालीचा आग्रह अजून सुटलेला नाही, त्यावर बोलणे चालू आहे. बिछायत मामूंचीच. त्यांनी भाडे पूर्ण सांगितले आहे, भाचीला एक रुपयाही कमी केलेला नाही.