सार्वजनिक वाहनातील दारू : प्रश्न नीतीचा नाही, नागरी हक्काचा!

रात्रीची पॅसेंजर असो, लांब पल्ल्याची एक्स्प्रेस असो की गावाकडे जाणारी शेवटची एस. टी. असो, एक दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. थंड पेयाच्या बाटलीत दारू मिसळली जाते, कागदावर चखणा पसरला जातो, आवाज चढू लागतो आणि शेजारी बसलेली बाई पदर सावरून खिडकीकडे सरकते. दोघे-तिघे पितात आणि अख्खा डबा गप्प बसतो. वाहक पाहून न पाहिल्यासारखे करतो, टी. सी. तिकीट तपासून पुढे निघून जातो. हे गप्प बसणे इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात कोणाचा तरी हक्क हिरावला जात आहे, याची जाणीवही आपल्याला उरलेली नाही.

कायदा नाही म्हणून हे चालते काय? तसे मुळीच नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यात १४५ वे कलम संसदेने घातले, ते नशेत असणाऱ्या, शिवीगाळ किंवा असभ्य वर्तन करणाऱ्या प्रवाशासाठीच. अशा इसमाला गाडीतून उतरवावे, त्याचे तिकीट जप्त व्हावे आणि सहा महिन्यांपर्यंत कैद व ५०० रुपयांपर्यंत दंड व्हावा, अशी तरतूद त्या कलमात केली गेली. महाराष्ट्रात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्यासाठी परवाना लागतो आणि सार्वजनिक ठिकाणी नशेत धिंगाणा घालणे हा ८५ व्या कलमाखाली गुन्हा आहे.

मग अडते कोठे? १४५ व्या कलमाची भाषा नीट वाचली म्हणजे उत्तर सापडते. ते कलम नशेची अवस्था आणि धिंगाणा यांना शिक्षा सांगते. डब्यात बाटली उघडण्याच्या कृतीचे नाव घेत नाही. म्हणजे पिणारा पुरता झिंगेपर्यंत पोलिसाने वाट पाहायची आणि झिंगल्यावर त्याला नशा चढली होती हे कोर्टात सिद्ध करायचे! केवळ तोंडाला वास येतो, चाल अडखळते, बोलणे बरळल्यासारखे आहे एवढ्यावरून नशा सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच म्हटले आहे. धावत्या गाडीत रक्ताची तपासणी कोण करणार? म्हणून खटला उभाच राहत नाही, राहिला तर टिकत नाही, आणि ज्याला पोलिसाची भीती वाटायला हवी तो निर्धास्त राहतो.

या ठिकाणी लंडनचे उदाहरण उपयोगी आहे. तेथे १ जून २००८ पासून भुयारी रेल्वेत व बसमध्ये दारू पिण्यास आणि उघडी बाटली बाळगण्यास मनाई झाली. आदल्या रात्री दारूला निरोप देण्याच्या नावाखाली शौकिनांनी इतका गोंधळ घातला की सहा स्थानके बंद करावी लागली आणि १७ जणांना अटक झाली. बंदीची गरज त्यांनी स्वतःच सिद्ध करून दाखविली! त्या नियमाचे वैशिष्ट्य असे की, प्रवाशाला किती चढली हे तेथे पाहावे लागत नाही. बाटली उघडी आहे एवढे पुरे. आपल्याकडेही जून २०२३ मध्ये दिल्ली मेट्रोने सीलबंद दोन बाटल्या नेण्यास मुभा दिली, पण मेट्रोत पिण्यास मनाई कायम ठेवली. बाळगणे वेगळे आणि पिणे वेगळे, हा भेद व्यवहारात पाळता येतो, हेच यावरून दिसते.

काही शहाणे विचारतील, पिणे हा ज्याच्या त्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न नाही काय? आंबेडकरी चळवळीने या प्रश्नाला भ्यायचे कारण नाही. सरकारच्या काठीने माणूस निर्व्यसनी होतो, असे बाबासाहेबांनी कधीच मानले नाही. १९५१ च्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात सरसकट दारूबंदीला उघड विरोध होता. संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये दारूबंदीचे तत्त्व घालण्याची महावीर त्यागी यांची दुरुस्ती बाबासाहेबांनी स्वीकारली, पण जयपालसिंग यांनी आदिवासींच्या वतीने आक्षेप घेताच हे मार्गदर्शक तत्त्व आहे, राज्यांवर सक्ती नाही, असा खुलासाही केला. आणि त्याच बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपल्या अनुयायांना दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली! यात विसंगती कोठेही नाही. दारू सोडणे हे शील आहे आणि शील आतून येते. बिहारमध्ये २०१६ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली तेव्हा तुरुंग कोणाने भरले? दारूसम्राटांनी नव्हे, गोरगरिबांनी. शेवटी २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पहिल्यांदा पकडलेल्या पिणाऱ्याला दंडावर सोडण्याची सोय सरकारला करावी लागली.

म्हणून आमची मागणी सरसकट बंदीची नाही. घरातली बाटली हा शीलाचा प्रश्न आहे. डब्यातली बाटली हा नागरी हक्काचा प्रश्न आहे. सार्वजनिक वाहनातल्या जागेचे मोल आम्हाला इतरांनी सांगण्याची गरज नाही. मसूर स्टेशनावर उतरलेल्या लहानग्या भीमरावाची जात कळताच गाडीवाले त्याला नेईनात. १९२९ मध्ये चाळीसगावात टांगेवाल्याने अस्पृश्याला हाकण्यास नकार दिला आणि नवख्या माणसाच्या हाती दिलेल्या टांग्यातून बाबासाहेब पुलावर फेकले गेले. सार्वजनिक वाहनाचा वापर नाकारणे हा गुन्हा ठरविणारे शब्द १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात आले, ते अशा इतिहासातून. अस्पृश्यतेची आणि आजच्या त्रासाची बरोबरी आम्ही करीत नाही. पण तिकीट काढूनही जिला आपल्या जागेवर निर्भयपणे बसता येत नाही, तिच्यासाठी ती जागा सार्वजनिक उरली काय?

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एस. टी. त निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु भाडे निम्मे झाले म्हणून भीती निम्मी होत नाही. रात्रपाळी करून परतणारी नर्स, पहाटे शहर गाठणारी सफाई कामगार, तालुक्याच्या कॉलेजात शिकणारी आमची मुलगी यांच्यापाशी दुसरे वाहन नाही. शेवटची गाडी भीतीपोटी सोडावी लागली तर कोणाची नोकरी जाते, कोणाचे शिक्षण सुटते. स्वतःच्या मोटारीतून फिरणाऱ्यांना हा हिशेब कळणार नाही.

आता दुसरी बाजूही स्पष्ट बोलली पाहिजे. कायदा कडक झाला की पोलिसाचा हात प्रथम कोणाच्या कॉलरला जातो, हे आम्ही कोर्टाच्या आवारात रोज पाहतो. जनरल डब्यातला मळक्या कपड्यांचा मजूर आधी पकडला जातो. एसी डब्यात पडदा ओढून पिणाऱ्याला मात्र ‘साहेब, जरा हळू’ असे म्हटले जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कहून दिल्लीला येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात, तेही बिझनेस क्लासमध्ये, एका मद्यधुंद प्रवाशाने वृद्ध महिलेच्या अंगावर लघवी केली. हे प्रकरण जगासमोर यायला जानेवारी २०२३ उजाडावा लागला. त्यानंतर कंपनीला ३० लाख रुपये दंड झाला. असाच प्रकार जनरल डब्यात घडला असता, तर त्या माणसाला पुढच्या स्टेशनापर्यंत तरी कोणी सुखरूप जाऊ दिले असते काय? नशा वर्ग पाहून चढत नाही, मग कायद्याने वर्ग का पाहावा?

उघड्या बाटलीचा नियम याच कारणासाठी हवा आहे. माणूस हुंगू नका, बाटली पाहा! वासावर कारवाई ठेवली तर पोलिसाच्या लहरीला वाव मिळतो. उघड्या बाटलीवर ठेवली तर पुरावा समोर असतो. रेल्वे, एस. टी., शहर बस आणि खासगी ट्रॅव्हल्स यांत तो सारखाच लागू व्हावा. दंडाची पावती जागेवर मिळावी, मारहाणीला थारा नसावा. बाटली उघडणाऱ्याला पुढच्या थांब्यावर पोलिसांच्या स्वाधीन करण्याचा स्पष्ट अधिकार वाहकाला असावा आणि तो वापरल्याबद्दल मार खाण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. तक्रार करणाऱ्या महिलेला ‘ही हद्द आमची नाही’ म्हणून रेल्वे पोलिसांकडून सुरक्षा दलाकडे आणि सुरक्षा दलाकडून रेल्वे पोलिसांकडे फिरविणे बंद व्हावे. रेल्वेचा १३९ आणि पोलिसांचा ११२ हे क्रमांक प्रत्येक डब्यात व बसमध्ये वाचता येतील अशा ठळक अक्षरांत लावावेत.

सरकारकडे मागणी करताना आपल्या घराकडेही पाहावे लागेल. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला निघालेल्या टेम्पोत, लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाडीत मागच्या बाकावर बाटली फिरते आणि पुढच्या बाकावर आपल्याच आयाबहिणी जीव मुठीत धरून बसलेल्या असतात. निळा झेंडा लावलेल्या गाडीत हे चालू देणारा कार्यकर्ता कोणत्या तोंडाने रेल्वेमंत्र्याला निवेदन देणार? ज्या बायकांनी मतदान करून गावागावांत बाटली आडवी केली, त्यांना आपल्या गाडीत निर्धास्त बसता आले पाहिजे. प्रत्येक जयंती समितीने यंदा गाडी ठरवितानाच मालकाला आणि पोरांना ही अट घालावी : या गाडीत बाटली उघडणार नाही. त्यासाठी कोणत्याही सरकारी अध्यादेशाची वाट पाहावी लागत नाही!