तालीम वर्गात आणा

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात आणि इंग्रजीच्या शिक्षकांकडे हमखास एक काम येते : एखादे इंग्रजी नाटुकले बसवा. मग चुणचुणीत पाच-सहा मुले निवडली जातात, त्यांच्याकडून संवाद घोटून घेतले जातात आणि उरलेला वर्ग टाळ्या वाजवायला समोर बसतो. कार्यक्रम देखणा होतो; पण बोलण्याच्या सरावाची खरी गरज ज्यांना होती, त्यांच्या तोंडून एक वाक्यही निघालेले नसते.

मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. मुले उतारा वाचतात, उत्तरे लिहितात; समोरच्याने काही विचारले की गप्प होतात. नाटकाचा यावर उपयोग आहे, पण तो प्रयोगापेक्षा तालमीत जास्त आहे, असे आमचे ठाम मत आहे.

तालमीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला कारण मिळते. ‘आय डिडंट टेक युअर पेन’ हे वाक्य घ्या. ‘आय’वर जोर दिला तर पेन दुसऱ्याच कुणी घेतले, ‘युअर’वर दिला तर घेतले, पण तुझे नाही. मराठीत हे काम ‘च’, ‘तर’ लावून किंवा शब्द मागेपुढे करून भागते. इंग्रजीत ते बरेचसे आवाजावर असते. फळ्यावर समजावून ते पोचत नाही. आळ घेणारा आणि नाकारणारा समोरासमोर उभे राहिले की कानाला कळते.

एस.टी. स्थानकावरची चौकशीची खिडकी घ्या. प्रवासी आणि कर्मचारी, प्रत्येकी चार वाक्ये. सगळा वर्ग जोड्यांनी एकाच वेळी बोलू दे. गोंगाट होईल, होऊ द्या. दुसऱ्या फेरीत भूमिका बदला. तिसऱ्या फेरीत शेवटची गाडी निघून गेली आहे, असे सांगा. चौथ्या फेरीत हातातला कागद काढून घ्या आणि त्यात नसलेला एक प्रश्न विचारायला लावा. आता मुलाला स्वतः वाक्य जुळवावे लागते. जोडी अडलीच, तर शिक्षकाने आगारप्रमुख होऊन प्रवेशात शिरावे. शिक्षकाने भूमिकेत शिरून शिकवण्याची ही रीत ब्रिटनमध्ये डॉरोथी हीथकोट यांनी रुजवली. भाषेच्या वर्गासाठी नाट्यतंत्रे सांगणारे ॲलन मॅली आणि ॲलन डफ यांचे पुस्तकही १९७८चे आहे. रंगमंच, वेशभूषा, प्रेक्षक यांवाचून हे सारे होऊ शकते.

एक पथ्य मात्र पाळा. प्रवेश चालू असताना चूक दुरुस्त करू नका. जाणता दिग्दर्शक सूचना देतो त्या प्रवेश संपल्यावर. ‘ही गो’ म्हणणाऱ्या मुलाला तिथेच अडवले, तर क्रियापद सुधारेल, पण पुढचे वाक्य बोलायला तो धजावणार नाही.

यंदा संमेलनात नाटुकले जरूर करा. त्याआधी आठवड्याचा एक तास तालमीसाठी राखून ठेवा आणि त्यात प्रत्येकाच्या वाट्याला संवाद येईल, हे पाहा. तुम्ही रचलेले प्रवेश आमच्याकडे पाठवा, आम्ही ते छापू. मागच्या बाकावरची मुले ज्यात बोलती झाली, असे प्रवेश आम्हाला विशेष हवे आहेत.