पन्नास रुपयांवर अडून बसू नका

सिक्कीममध्ये येणाऱ्या पर्यटकाकडून माणशी 50 रुपये शुल्क घेण्याचा नियम मार्च 2025मध्ये लागू झाला, आणि तेव्हापासून आपल्या सहल-आयोजक सभासदांच्या पत्रांत त्याचीच तक्रार आहे. हॉटेलवाला चेक-इनला पैसे मागतो, ग्राहक ‘हे पॅकेजमध्ये का नव्हते’ म्हणून अडतो, टूर मॅनेजरची पंचाईत होते. हे पैसे कोटेशनमध्येच धरावेत आणि विषय मिटवावा. खरा प्रश्न ग्राहक बुकिंगच्या वेळीच विचारतो: राज्य एवढेसे, खर्च एवढा, मग वर्षाची एकुलती एक मोठी सुटी तिथे घालवावी काय? त्यावर आपण वर्षानुवर्षे एकच कार्यक्रम पुढे सरकवतो: तीन रात्री गंगटोक, एक रात्र लाचुंग, उरलेले दार्जिलिंग. एवढ्यावर ‘सिक्कीम झाले’ म्हणत घरी आलेला माणूस शेजाऱ्याला तिकडे जा म्हणून सांगत नाही, आणि त्याचा दोष सिक्कीमचा नाही.

नकाशावर हे राज्य 7,096 चौरस किलोमीटरचे, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याहूनही लहान. पण तिस्तेकाठच्या सुमारे तीनशे मीटर उंचीपासून 8,586 मीटरच्या कांचनजंगेपर्यंत चढत जाणारा मुलूख किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. खाली सालाचे जंगल, त्यावर उतिसाच्या सावलीतली मोठी वेलची, मग एप्रिल-मेमध्ये फुलणारे गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, आणि त्याहीवर याकांची कुरणे, हे सारे इथे एका राज्यात आहे. गंगटोक ते लाचेन अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता धड असतानाही त्याला सहा तास लागतात. तरी आपली पत्रके त्याच एका दिवसात चार ‘पॉइंट’ लिहितात. ग्राहकाला विविधता दिसते ती काचेतून, आणि तीही उलटीची गोळी घेऊन.

यात आपली चूक आहेच, पण परवान्यांची व्यवस्था ती दुरुस्त करू देत नाही. नाथुला-छांगूचा परवाना नोंदणीकृत स्थानिक संस्थेमार्फत, बहुधा आदल्या दिवशीच निघतो. नाथुला सोमवार-मंगळवार बंद. त्यामुळे रविवारी गंगटोकला पोहोचलेल्या ग्रूपने बुधवारपर्यंत थांबायचे किंवा नाथुला सोडायचे. तीस जणांचा ग्रूप पाच-सहा गाड्यांत विभागला जातो आणि परवान्यावर गाडीच्या क्रमांकाखाली माणसांची नावे लिहिली जातात. मग सकाळी आजींना मुलाच्या गाडीत बसवायचे म्हटले, तर यादीच बदलावी लागते. लहान मुलाचा जन्मदाखला मुंबईत राहिला की आई-बाप खोळंबतात. सुटीला अमेरिकेहून आलेली मुलगी ओसीआय कार्डावर असेल, तर तिला नाथुला मिळतच नाही, आणि हे तिला बुकिंगच्या वेळी कोणी सांगितलेले नसते. सीमेलगतच्या भागात नियम कडक असावेत, याविषयी वाद नाही. पण तीस जणांची नावे आणि ओळखपत्रे दोन महिने आधी आपल्या हाती असतात. ती आधी तपासून घेऊन गाडीचा क्रमांक फक्त आदल्या दिवशी जोडला, तर सुरक्षेत काय कमी होते? रस्ता बंद झाला की तोच परवाना पुढच्या दिवशी चालावा, एवढी तरतूद करायला कोणता अडथळा आहे? याचे उत्तर संबंधित खात्यांनी द्यायला हवे. सिलिगुडीहून आणलेली बंगालची गाडी सिक्कीममधल्या स्थळदर्शनाला चालत नाही, यावरही सभासद चिडतात. ती चीड आम्हाला मान्य नाही. त्या चढांवर गाडी चालवणारा माणूस तिथलाच हवा आणि त्याचा रोजगारही तिथेच राहावा.

‘ग्राहकाला बर्फच हवा, उत्तर सिक्कीम नसेल तर तो बुकिंग करत नाही,’ हा आक्षेप कार्यक्रम बदला म्हटले की नेहमीचा. पण उत्तर सिक्कीमची हमी आज कोणी देऊ शकत नाही. 4 ऑक्टोबर 2023च्या पहाटे दक्षिण ल्होनाक सरोवर फुटले आणि चुंगथांगचे तिस्ता-3चे धरण वाहून गेले. त्यानंतर जून 2024मध्ये दरडींमुळे हजाराहून अधिक पर्यटक तिथल्या लाचुंगमध्ये अडकले आणि 2025च्या जूनमध्येही तेच घडले. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात म्हणून आपण जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गाड्या भरतो आणि नेमके त्याच दिवसांत तिथे पाऊस सुरू होतो. त्यात लाचेनच्या पुढचे गुरुडोंगमार सरोवर सतरा हजार फुटांहून उंच. साडेपाच हजार फुटांवरच्या गंगटोकहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साठीच्या माणसाला तिथे उभे करणे धोक्याचे आहे. लाचेनला दोन रात्री न देता तो कार्यक्रम विकूच नये.

आणि पश्चिम सिक्कीम खपत नाही, हे कोणी ठरवले? युकसोमला 1642 साली पहिल्या छोग्यालचा, म्हणजे सिक्कीमच्या राजाचा, राज्याभिषेक झाला. तेव्हा शिवराय बारा वर्षांचे होते. ते दगडी आसन आजही नोर्बुगांगला पाहता येते. पेलिंगजवळ रब्देंत्सेला जुन्या राजधानीचे भग्नावशेष आहेत. त्यांच्याकडे जंगलातून चालत जावे लागते. दर पावसाळ्यात राजगड-रायगडाच्या वाटेला लागणाऱ्या माणसाला त्या चौथऱ्यांपुढे उभे करा, मग ते खपते की नाही ते बोला. पेमायांगत्से, बार्सेचे गुरांसवन, दक्षिणेकडचा टेमीचा चहामळा आणि 2016मध्ये जागतिक वारशात गेलेल्या कांचनजंगा उद्यानाचे युकसोमकडचे दार एका चारपाच दिवसांच्या टप्प्यात बसते. त्यासाठी नाथुलासारखा परवाना लागत नाही आणि पहाट निरभ्र असेल तर पेलिंगच्या खिडकीतून कांचनजंगा दिसते.

तेव्हा येत्या उन्हाळ्याची पत्रके छापण्याआधी तीन बदल करा. जूनच्या सहली काढून टाका. पश्चिम आणि दक्षिण सिक्कीम मुख्य कार्यक्रमात घ्या आणि उत्तर सिक्कीम रस्ता उघडा असेल तरच, वेगळ्या भावाने, पैसे परत देण्याच्या लेखी अटीवर ठेवा. दार्जिलिंग पुढच्या वर्षासाठी राखून ठेवले तरी चालेल. शिवाय परवान्यामुळे ज्यांचे ग्रूप अडले, त्यांनी तारीख, गाड्यांची संख्या आणि परवाना न मिळाल्याचे कारण एवढेच एका पानावर लिहून महिनाअखेरपर्यंत संपादकांकडे पाठवावे. परवान्यांबाबत गंगटोकच्या खात्यांना पाठवायचे निवेदन त्यावरूनच तयार होईल. केवळ तोंडी तक्रारींवर ते लिहिता येणार नाही.